आठ बिल्डिंगी आणि एक शॉर्टकट

बेलवलीत सध्या अशी बातमी आहे की जिज्ञासा भोईरने रागाच्या भरात पक्कड घेऊन अख्ख्या गल्लीचं नेट तोडलं. खोटं आहे. तोडली ती एकच वायर, तीही भर दुपारी, थंड डोक्याने, पेरू खात. आणि ती तोडल्यावर नेट बंद पडलं नाही, उलट धावायला लागलं. मला कसं माहीत? शिडी मीच धरली होती.

जिज्ञासा आमच्या शेजारची. आज आमच्या आठ बिल्डिंगी जिथे उभ्या आहेत तिथे तिच्या आजोबांचं भाताचं शेत होतं. वडिलांनी केबल टीव्ही चालवला, तिने डिप्लोमा करून त्याचं इंटरनेट केलं. अकरा वर्षं झाली. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून खांबावर चढते, तरी लोकांच्या तोंडी ती ‘केबलवाली’च. तिचं सगळं गिऱ्हाईक म्हणजे आम्हीच, आठ बिल्डिंगी. त्यात मोठ्या कंपनीचा माणूस टाय लावून आला आणि आपली यंत्रं बसवायला गच्च्या मागू लागला. रविवारच्या मीटिंगमध्ये ठरणार होतं: जिज्ञासा राहणार की जाणार.

नेट स्लो होतं हे खरं. पण का, ते ऐका.

तिची मूळ लाइन उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून येते. मध्ये अंबरनाथला तिचे वायरी जोडायचे दोन खोके आहेत, एक मार्केटजवळ, दुसरा एमआयडीसीकडे. म्हणजे इथून कॅम्प तीनला जायला दोन वाटा. प्रत्येक वाटेवर एक तुकडा बारीक वायरीचा: जवळचा, पण गर्दी झाली की तुंबणारा. दुसरा तुकडा जाड वायरीचा: लांबच्या वळशाने जाणारा, पण कितीही गर्दी असो, वेळ तेवढाच. मार्केटच्या वाटेवर बारीक आधी, एमआयडीसीच्या वाटेवर बारीक नंतर. आमच्या प्रत्येक जिन्याखाली तिची एक पेटी आहे. ती पेटी दर मिनिटाला वाटा चाचपते आणि जी मोकळी, तिकडून आपल्या बिल्डिंगचा माल ढकलते. शेजारच्या बिल्डिंगचं काय होईल, हे ती बघत नाही. थोडक्यात, पेटी स्वभावाने आमच्यावरच गेली आहे.

चार बिल्डिंगी इकडून, चार तिकडून, असं बरं चाललं होतं. पण आमचे चेअरमन शशिकांतकाका अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी होते. निवृत्त झाल्यापासून ते आम्हाला चालवतात. त्यांनी नकाशा काढला. “दोन खोक्यांच्या मध्ये जोड टाक. म्हणजे बारीक वायरीवरून बारीक वायरीवर. जाड वायरीचा वळसाच नको!”

जिज्ञासा म्हणाली, “काका, सगळेच तिकडून जातील.”

“मग जाऊ देत ना! शॉर्टकट कशाला असतो?”

तिने जोड टाकला. आम्ही तीन रिक्षा भरून अंबरनाथला गेलो, वायरीला हार घातला, काकांनी नारळ फोडला. पेढे मी दोन खाल्ले. पहिल्या तासात ज्या बिल्डिंगच्या पेटीला वाट सापडली तिचं नेट वाऱ्यासारखं. संध्याकाळपर्यंत आठही पेट्या तिथेच घुसल्या आणि उमावहिनींच्या ऑनलाइन अबॅकसच्या वर्गात बारा मुलं तोंडं उघडी ठेवून गोठली.

जिज्ञासाने विनंती केली, चार बिल्डिंगी तरी वळशाने पाठवू द्या. मीटिंगमध्ये सगळे “हो, हो” म्हणाले. घरी जाऊन आठही सेक्रेटरींनी तिला गुपचूप फोन केला: “बाकीच्यांना पाठव, आमचं तेवढं शॉर्टकटवर राहू दे.”

गुरुवारी मी जीन्सची पितळी बटणं पोचवायला कॅम्प तीनला निघालो होतो. जिज्ञासाने स्कूटर थांबवली. “बसा, सोडते.” माझ्यावरच्या या प्रेमाचं कारण अंबरनाथला पोचल्यावर कळलं. शिडी तिथल्या पानवाल्याची होती, धरायला माणूस हवा होता.

“अगं, नारळ फोडलाय त्यावर!” मी म्हटलं.

तिने माझ्याच पिशवीतली आठ बटणं कट्ट्यावर मांडली. “एक बटण म्हणजे एक बिल्डिंग. बारीक वायरीवर जितकी बटणं तितके क्षण लागतात. जाड वायरीला कायम दहा. आधी चार-चार होते. चार आणि दहा?”

“चौदा.”

“आता आठही दोन्ही बारीक वायरींवरून जातात.”

“आठ आणि आठ... सोळा? शॉर्टकट टाकून वाढलं?” मी एक बटण बाजूला सरकवलं. “मग एकाने वळशाने जावं की.”

“जाड वायरीचे दहा, पुढे बारीकवर तीच गर्दी, आठ. अठरा. तुम्ही जाल?”

“मी कशाला जाऊ?”

“म्हणून तोडतेय,” ती म्हणाली, अर्धा पेरू माझ्या हातात दिला आणि वर चढली.

रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग. उमावहिनी उठल्या, “तीन दिवस झाले, एकही मूल गोठलं नाही.” टाळ्या. शशिकांतकाका उभे राहिले. “नव्या वायरीला रुळायला वेळ लागतो. आता रुळली! कंपनी नको, जिज्ञासाच राहील.” मी तिला डोळ्यांनी खुणावलं, आता गप्प बस, जिंकलीस. पण काका पुढे म्हणाले, “आणि एवढा फायदा झालाच आहे, तर अजून एक जोड टाकू!”

जिज्ञासाने डोक्याला हात लावला. “काका, पहिलाच जोड गुरुवारी काढला. म्हणून धावतंय.”

तिची आई जनीमावशीच आधी ओरडली, “नारल फोरला त्या वायरीवर, न हिनी तीच तोरली!” मग सगळेच. धावतंय म्हणजे काय? विचारलं का आम्हाला? आमचा शॉर्टकट आहे तो!

“पण वहिनी, तुमचा वर्ग नीट चाललाय ना?” जिज्ञासाने विचारलं.

“चाललाय गं,” उमावहिनी म्हणाल्या, “पण शॉर्टकट असता तर अजून नीट चालला असता.”

काकांनी ठराव मांडला: आज संध्याकाळपर्यंत जोड परत, नाहीतर उद्या कंपनीला बोलावणार. हात वर झाले. सगळे. आता लपवून काय उपयोग, माझाही झाला. शॉर्टकट तो शॉर्टकट.

जिज्ञासाने सगळ्यांचे हात नीट बघून घेतले, माझा जरा जास्तच वेळ. मग म्हणाली:

“जोडते काका, आत्ता जोडते. फक्त आठही सेक्रेटरींनी एका कागदावर सही करा, की नेट अडकलं तर जिज्ञासाला फोन करायचा नाही, उरलेल्या सात जणांना करायचा.”