ट्रिगरबाहेरचं बोट

त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, पण त्याच्या उजव्या हाताची तर्जनी मी कुठेही ओळखेन.

सिंगापूरमधल्या पुंगोलच्या एलआरटी ट्रेनमध्ये तो माझ्या शेजारी उभा होता. राखीव सैनिकांच्या ट्रेनिंगहून घरी निघालेला चायनीज गृहस्थ, अंगात लष्करी गणवेश. छत्रीच्या मुठीभोवती त्याची चार बोटं वळली होती. तर्जनी मात्र सरळ, ताठ.

मी फोनवर व्हिडिओ बघत होतो. एका अमेरिकनाने रायफलला पार्सलने मागवलेला वेगळा ट्रिगर बसवला होता आणि गोळ्या धडाधड सुटत होत्या.

"हे इथे चालतं?" मी उगाच विचारलं.

"इथे? पार्सलच्या आधी पोलीस येतील, लाह!" शेवटी इथलं नेहमीचं 'लाह' जोडून तो खदखदून हसला. "शिवाय असले जुगाड ऐन वेळी अडकतात."

"आणि हे बोट?"

"गोळी झाडायची नसेल तर बोट ट्रिगरबाहेर. आर्मीची सवय. बायको म्हणते, झोपेतही ताठच असतं."

आम्ही एकाच स्टेशनवर उतरलो. तिथे त्याची बायको आणि चिमुरडी लेक वाट बघत होत्या. त्याने बॅगेतून साबणाचे फुगे उडवणारी गुलाबी बंदूक काढली.

"दाबून दाबून लेकीचं बोट दुखतं," तो माझ्या कानात म्हणाला, "म्हणून ट्रिगर मीच बदललाय."

त्याने एकदाच दाबला. फुगे सुटले ते थांबेचनात. जिन्यावर फुगे, बाकावर फुगे, माझ्या चष्म्यावर फुगे. लेक टाळ्या पिटत नाचत होती.

"अहो, बंद करा ना ते!" बायको हसत ओरडली.

तो सावधानमध्ये उभा राहिला, बंदूक आभाळाकडे, तर्जनी ताठ.

"बोट बाहेरच आहे, मॅडम!"