चोर रेकॉर्ड

तुर्भ्याला माझ्या धाकट्या दिरांचा गाळा आहे. तिथे जुन्या रेकॉर्डी, कॅसेटी आणि सीड्या विकायला असतात. यातल्या प्रत्येक रेकॉर्डच्या कव्हरवर एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली असते. चिठ्ठीवर एकच शब्द आणि खाली माझी सही. ती चिठ्ठी आहे म्हटल्यावर पुण्या-नाशिकची माणसं माल डोळ्यांनी न बघता फोनवर मागवतात. हे मी आधीच सांगून टाकते, कारण उगाच विनय करणं मला जमत नाही.

गाण्यातलं मला फारसं कळत नाही. राग विचाराल तर मला फक्त स्वतःचाच ओळखता येतो, आणि तोही घरच्यांना आधी कळतो. माझी नजर तयार झाली ती इथल्या औद्योगिक पट्ट्यातल्या, म्हणजे आमच्या भाषेत बेल्टवरच्या, एका औषधाच्या कारखान्यात. अठ्ठावीस वर्षं मी इंजेक्शनच्या कुप्या तपासल्या. समोर अर्धा काळा, अर्धा पांढरा फळा आणि वर दिवा. कुपी मानेशी धरायची, उलटी करायची, हलकेच फिरवायची आणि आतलं औषध फिरत असताना बघत राहायचं. पांढरा धागा काळ्यावर दिसतो, काळा कण पांढऱ्यावर. आपल्या नजरेतून सुटलं ते कुणाच्या तरी शिरेत जाणार, हे पहिल्याच दिवशी डोक्यात घट्ट बसवलेलं होतं.

आमची परीक्षा घ्यायची तिथे एक रीत होती. सुपरवायझरबाई चांगल्या कुप्यांच्या ट्रेमध्ये काही खराब कुप्या गुपचूप मिसळायच्या. आम्ही त्यांना चोर कुप्या म्हणायचो. चोर पकडले की पास. एखादा सुटला, तर मागच्या वेळी पास झाल्यापासून त्या बाईने सोडलेला सगळा माल परत उघडायचा आणि पुन्हा तपासायचा. कितीतरी जणींना त्या दिवशी रडताना मी पाहिलंय. माझा माल अठ्ठावीस वर्षांत एकदाही उघडला गेला नाही. निरोपाच्या दिवशी मला भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते केव्हाच बंद पडलं. ही गोष्ट मात्र अजून छातीशी धरून आहे.

निवृत्त झाल्यावर महिनाभरात घर खायला उठलं, म्हणून दुपारी दिरांच्या गाळ्यावर जाऊन बसायला लागले. वाशीतल्या जुन्या सोसायट्या रिडेव्हलपमेंटला निघाल्या की लोक माळे रिकामे करतात आणि भंगारवाल्यांकडून तो माल भावजींकडे येतो. भावजी दिवाळे गावच्या कोळीवाड्यात वाढलेले, बोलण्यात पटाईत. मी गेले त्या दिवशी त्यांनी एक रेकॉर्ड माझ्यापुढे आरशासारखी धरली.

"वयनी, बगा कशी चकाकते. नवी कोरी हाय."

मी ती दोन्ही तळव्यांत कडेने धरली आणि दिव्याखाली तिरकी केली. चकाकत होती खरी. पण नाकाला काहीतरी वेगळंच लागलं.

"भावजी, याला काय लावलंत?"

"काय नाय."

"खोबरेल लावलंय तुम्ही!"

"जरासा. सुकली होती बिचारी."

रेकॉर्ड म्हणजे काय केस आहेत सुकायला? तेलाने चकाकी येते आणि सगळी धूळ खाचांत चिकटून बसते. गाळ्यातल्या चाळीसएक रेकॉर्डींना त्यांनी अशी मालिश केली होती. मी शेजारच्या बॅटरीवाल्याकडून बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणलं, त्यात साबणाचे दोन थेंब टाकले आणि तीन दिवस मऊ फडक्याने रेकॉर्डी धूत बसले. भावजी आल्यागेल्याला सांगत होते, आमच्या वहिनी बाळंतिणीसारखी रेकॉर्डला आंघोळ घालतात.

तिथून माझं काम सुरू झालं. रेकॉर्ड तिरकी धरली की बारीक रेघा प्रकाशात उठून दिसतात. रेघेवरून नख हलकेच न्यायचं. नख अडलं तर सुईही तिथे टक् करणार. मधल्या भोकाभोवती कागदावर ओरखडे असतील तर ती खूप वाजलेली, आणि अंधारात चाचपडत लावलेली. आडवी धरून कडेने पाहिली की माळ्यावरच्या उन्हाने वाकली आहे का ते कळतं. खाडीच्या हवेने कॅसेटचे स्क्रू गंजतात, आणि आतला, फीत दाबून धरणारा नमद्याचा म्हणजे दाबलेल्या लोकरीचा इवलासा तुकडा गळाला असेल तर आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो. सीडी दिव्यासमोर धरली की टाचणीच्या टोकाएवढी भोकं लुकलुकतात. धंद्यातले लोक दर्ज्यासाठी इंग्रजी अक्षरं लिहितात. मी मराठी शब्द लिहायचं ठरवलं. कोरी, निर्मळ, बरी, वाजते. याच्याही खालची असेल तर शोभेची, म्हणजे हॉटेलवाल्यांनी भिंतीवर टांगायची. 'शोभेची' या शब्दावर भावजींचा फार राग. चांगल्या दिसणाऱ्या मालाला मी नाव ठेवते म्हणायचे.

चोर कुप्यांची रीतही मी गाळ्यात आणली. महिन्यातून एकदा भावजींनी मी आधी तपासलेली, पण न विकलेली एक रेकॉर्ड घ्यायची, चिठ्ठी काढायची, दुसऱ्या कव्हरात घालायची आणि नव्या मालात मिसळायची. तपासलेल्या प्रत्येक रेकॉर्डची नोंद मी एका वहीत ठेवते; मी लिहिलेला शब्द वहीतल्या जुन्या शब्दाशी जुळला तर पास. भावजींना हा खुळेपणा वाटायचा, पण मला पकडायची संधी कोण सोडतो? दोन वर्षं मी दर महिन्याला पास झाले आणि दर महिन्याला त्यांना चहा पाजायला लावला.

गेल्या थंडीत गाळ्यातला दिवा मला त्रास द्यायला लागला. त्याच्याभोवती पिवळट पिसारा दिसायचा. मी दिवा बदलायला लावला. नवाही तसाच. हल्ली दिवेसुद्धा धड बनवत नाहीत म्हणून दुकानदाराला दोन शब्द सुनावले आणि तिसरा आणवला.

त्याच आठवड्यात एका दुपारी भावजी वही घेऊन समोर उभे राहिले. हसत नव्हते.

"वयनी, यावर तुमी निर्मळ लिवलाय. वहीत बरी हाय. दुसऱ्या बाजूला रेगांचा जाला, असा लिवलाय तुमीच."

"तुम्ही चुकीचं पान बघताय."

"नाय."

"मग भलतीच रेकॉर्ड घातलीत. तुमच्याकडे कशाचा पत्ता असतो का?"

मी बरंच बोलले. ते रेकॉर्ड घेऊन दाराशी उन्हात गेले. ज्या माणसाला आयुष्यात एक ओरखडा दिसला नाही, तो मला बोटाने रेघा दाखवत होता. "ही. आनि ही बगा." मला काही दिसेना. मी उजवा डोळा झाकला, तेव्हा डाव्याने पुसटसं जाळं दिसलं. डावा झाकला आणि समोर नुसतं काळं, स्वच्छ, खोटं. मी तिथेच पायरीवर बसले.

मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणाल्या, वयाप्रमाणे होतो, सोपं ऑपरेशन आहे. मला ऑपरेशनची भीती नव्हती. मागच्या वेळी पास झाल्यापासून एकतीस रेकॉर्डी माझ्या सहीने गेल्या होत्या, ती भीती होती.

"सगळ्यांना फोन करा," मी भावजींना म्हटलं. "म्हणावं, माल परत पाठवा. पुन्हा तपासायचाय."

"वयनी, ते काय औषद हाय? गानी हायत. कोन मरनार हाय का?"

"सही माझी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फोन उचलला. दोन दिवस ते फोनच करत होते. मी ऑपरेशन करून काळा चष्मा लावून घरी बसले. आठ दिवसांनी न राहवून गाळ्यावर गेले, तर शटर अर्ध्यावर ओढलेलं. मी वाकून आत शिरले. भावजी कॅसेटी पुसत बसले होते.

"गिऱ्हाईक घालवताय का? कॅसेटी, सीड्या तरी विका."

"बिनचिट्टीचा माल नाय विकत मी," ते मान वर न करता म्हणाले. "एकदा विकला तं मंग चिट्टीला कोन इचारनार?"

खोबरेल लावणारा हा माणूस! डोळ्यांतून पाणी काढायला डॉक्टरांची मनाई होती.

तीस रेकॉर्डी परत आल्या. कुणी कुरकुर केली नाही. एकाने तर आतल्या पिशवीत कागद घातला होता, नवीन शब्द जो असेल तो, पण सही हवी. एकतिसावी मात्र येईना. ती ऐरोलीच्या एका निवृत्त शाळामास्तरांकडे होती. एकटे राहतात, आमचं जुनं गिऱ्हाईक. भावजींना त्यांनी फोनवर सांगितलं, बाईंची चिठ्ठी आहे ना, मग मला पुन्हा तपासायची गरज नाही. हे ऐकून कुणीही खूश झालं असतं. मला संताप आला. तपासू न देता ठेवलेला विश्वास माझ्या काय कामाचा? डॉक्टरांनी दिवा बघायची परवानगी दिली त्याच सकाळी मी भावजींच्या स्कूटरवर बसून ऐरोली गाठली.

मास्तरांनी चहा ठेवला. मी म्हटलं, चहा नंतर, रेकॉर्ड आधी. खिडकीशी गेले आणि तिरकी धरली. पहिल्याच बाजूला, सुरुवातीच्या गाण्यावर, केसाएवढी रेघ. नख अडलं.

"मास्तर, ही वाजवताना टक् टक् येत नाही?"

"येते की. पहिल्या गाण्याला."

"मग बोलला का नाहीत?"

"चिठ्ठीवर निर्मळ होतं," ते सहज म्हणाले. "मला वाटलं माझी सुई गेली. बदलून आणली. तरी येतच होती, म्हणून कानाच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती."

मी दोनदा दिवा बदलला होता. या माणसाने सुई बदलली, आणि आता कान तपासायला निघाला होता. माझी सही तेवढी त्याने तपासली नव्हती. मी पर्समधून कोरी चिठ्ठी काढली. त्यावर 'वाजते' लिहिलं, सही केली आणि हात जोडून म्हटलं, चुकलं माझं, रेकॉर्ड परत करायची असेल तर नेते. मास्तरांनी चिठ्ठी माझ्या हातून घेतली, जुनी काढून ही नवी नीट चिकटवली. "परत कशाला? आता कळलं ना, आवाज कुठून येतो ते," म्हणाले, आणि कानाच्या डॉक्टरांना फोन करून वेळ रद्द केली.

तिथून थेट गाळ्यावर आले. भावजींनी शटर अर्ध्यावरच उघडलं. परत आलेल्या रेकॉर्डी भावजींनी टेबलावर रचून ठेवल्या होत्या. मी दिव्याखाली बसले. दिव्याभोवतीचा पिसारा गेला होता. एकेक घेतली, तिरकी केली, उलटी केली. तिघींचे शब्द बदलावे लागले, ते मी बदलले. विसाव्या-बाविसाव्या रेकॉर्डशी हात थांबला. दुसऱ्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक, एकमेकींत गुंतलेल्या रेघा. प्रकाशात अशा लख्ख उठल्या की मला हसू आलं.

मी चिठ्ठीवर 'बरी' लिहिलं आणि म्हटलं, "भावजी, ही परत आलेल्या मालातली नाही."

भावजी पलीकडे तीच कॅसेट केव्हापासून पुसत होते. उठले, वही घेतली, चष्मा लावला, पान उघडून बोटाने ओळ शोधली आणि माझ्या चिठ्ठीशी ताडून पाहिली. मग पुन्हा एकदा ताडून पाहिली.

"बरी," ते म्हणाले. "पास."

वही मिटून ते दाराशी गेले, खाली वाकले आणि शटर खडखडत थेट वरपर्यंत नेलं.