काचघरातली कडक फडकी

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप करून डिलीट केलं, कारण यात मी चांगलीच मूर्ख दिसते. पण काकांचे वीसच दिवस उरलेत, म्हणून लिहितेय.

काका म्हणजे आपल्या कॉलेजमधल्या बॉटनीच्या काचघरातले काका. बावीस वर्षं तिथल्या कुंड्या त्यांच्या हाती. माझा प्रोजेक्टही तिथेच होता. खाडीकाठच्या दलदलीत बाहेरून आलेलं एक गवत पसरत सुटलंय, आणि तिथलं मूळचं गवत मागे हटतंय. मी दोघांच्या कुंड्या वेगवेगळ्या ओळींत मांडल्या, प्रत्येक पुढच्या ओळीला आधीच्यापेक्षा खारं पाणी. काका एकाला म्हणायचे 'घरचं', दुसऱ्याला 'पाहुणं'. घरचं माना टाकायला लागलं. पाहुणं मात्र मजेत! का? मी वाचलं होतं की अशी काही गवतं जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकतात, पानांवर पांढरे कण दिसतात. सहा आठवडे भिंग घेऊन बघत बसले. एक कण नाही. पानं आरशासारखी लख्ख.

एक दिवस लवकर गेले, तर काका ओल्या फडक्याने पान न् पान पुसतायत!

माझं डोकंच सटकलं. "काका, काय केलंत हे! माझा सगळा प्रोजेक्ट पाण्यात घातलात!" ते काही बोलायच्या आत मी विभागप्रमुख मॅडमच्या केबिनमध्ये, रडत. दुपारपर्यंत काकांची बदली जिन्याखालच्या स्टोअररूममध्ये.

तिसऱ्या दिवशी पाहुण्याच्या पानांवर पांढरे कण आले. मी नाचले. दहाव्या दिवशी त्याच पानांची टोकं करपायला लागली, आणि माझं नाचणं बंद. तेच पाणी, त्याच कुंड्या. नव्हते ते फक्त काका.

गेले जिन्याखाली, मान खाली घालून. काका जुन्या बरण्या पुसत होते. पुसणारच!

"या बाईसाहेब. आता काय मोडलं मी?"

"काका, पाहुणं करपतंय."

"करपेलच. अंघोळ कोण घालतंय त्याला?"

"म्हणजे ते मीठ आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"आधी वाटलं धूळ. पण बंद काचघरात धूळ, आणि तीही एकाच गवतावर? जिभेला लावून बघितली. खारट! अगं, खाडीत त्याला भरती धुते, वारा झटकतो. इथे कोण? मग मीच भरती."

"मला सांगायचं ना!"

"आलो होतो की दोनदा. तू कानात ती इअरफोनची बोंडं कोंबून बसलेलीस. म्हटलं, पोरगी अभ्यास करतेय."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. मग ते म्हणाले, "नळामागे खिळ्यांवर फडकी आहेत, बघितलीस?"

प्रत्येक ओळीचं फडकं वेगळं, एकाचा रोग दुसऱ्याला लागू नये म्हणून. काका ती आठवड्यातून एकदा धुवायचे. शेवटच्या आठवड्याची तशीच राहिली होती, कारण धुणाऱ्यालाच मी हाकललं होतं. घरच्याची फडकी मऊ. पाहुण्याची पुठ्ठ्यासारखी, आणि पाणी जितकं खारं तितकं फडकं कडक! भिजवून ते पाणी खारेपणाच्या मीटरने मोजलं, आकडे ओळीने चढत गेले. एकाच आठवड्याचे आहेत, पण आहेत. घरच्याचे जवळपास शून्य. मग घरचं गवत मीठ ठेवतं कुठे? काका म्हणाले, "खोड कापून बघ की." आता तेच बघतेय.

तक्रार मागे घेतली. मॅडम म्हणाल्या, "ऑर्डर निघालीये, आता पुढच्या टर्मला बघू." पुढच्या टर्मला काका नाहीत, तीस तारखेला रिटायर होतायत. प्रोजेक्टवर माझ्या शेजारी त्यांचं नाव लिहिलंय, पण काचघराची किल्ली त्यामुळे परत मिळत नाही. म्हणून रोज सकाळी पाहुण्याची एक कुंडी मीच जिन्याखाली नेते. ते पुसून देतात, मी उभी राहून बघते.

तुम्हीही जा ना काकांकडे. घरी एखादं रोप रुसलं असेल तर तेही उचलून न्या. तीस तारखेच्या आत. आणि आधी कानातली बोंडं काढा.