तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंची सुटका

हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये आपत्तीची रंगीत तालीम ठरली, तेव्हा मला एक शिट्टी आणि चकाकत्या पट्ट्यांचं जाकीट मिळालं. हौशी मराठी नाटकांत मी आजवर हवालदार केला, वेडा केला, एकदा तर पूर्ण अंकभर प्रेत केलं. पण सगळी इमारत माझ्या शिट्टीवर घराबाहेर पडणार, हा मान पहिलाच. मी आरशासमोर जाकीट घालून पाहिलं. बायको म्हणाली, "छान. आता चौकात जाऊन उभे राहा, चार बस तरी वळतील."

आदल्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी आमच्या सेलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या पार्किंगमध्ये शिरलं होतं. लिफ्टची मोटार जळाली, वीज गेली, माणसं वर अडकून पडली. तेव्हापासून शहराच्या आपत्ती खात्याने आमच्यासारख्या इमारतींवर डोळा ठेवला होता. त्यांनी रहिवाशांचा फोनवर एक ग्रुप केला. त्यात रोज सूचना येत: टॉर्च जवळ ठेवा, औषधं आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, लिफ्ट वापरू नका, संकटात एका जवळच्या नातेवाईकाला कळवा. सूचना तेलुगूत, उर्दूत आणि इंग्रजीत. उत्तरं मात्र एकाच भाषेत, फुलांच्या. अतिवृष्टीचा इशारा आला की आमच्या ग्रुपवर धडाधड गुलाब पडत. विजा कोसळण्याच्या इशाऱ्याखाली पहिल्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी एकदा 'हार्दिक अभिनंदन' लिहिलं होतं.

हे सगळं मन लावून वाचणारं इमारतीत एकच माणूस होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई.

बाई गौलीगुड्याच्या मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. वय ऐंशीला टेकलेलं, नवरा कधीच गेलेला, घरात एकट्या. अर्ध्या इमारतीने लहानपणी त्यांच्या हातचा मार खाल्लेला, मीही त्यातलाच. उरलेल्या अर्ध्या इमारतीला त्या तोंडाने मारत. शेजारची नवी सून गुणगुणत कपडे वाळत घालायची. तिला बाई म्हणाल्या, "आवाज छान आहे गं तुझा. गात नको जाऊस." त्यांच्यावर जीव टाकणारं कोणी नव्हतं आणि त्यांना त्याची उणीव भासल्याचं कोणाला दिसलं नाही.

बाईंचा मुलगा दिलसुखनगरला स्पर्धा परीक्षांचे क्लास चालवतो. तिथेच तळमजल्यावर राहतो. पुराच्या त्या प्रसंगानंतर त्याने एकच धोशा लावला होता: घर वीक आणि आमच्याकडे ये. एका संध्याकाळी बंद लिफ्टसमोर मायलेकांची जुंपली. क्लासमध्ये तीनशे पोरांना ऐकू जाणारा आवाज त्याचा, आणि तो ज्यांच्याकडून आला त्या या. आम्ही सगळे आपापल्या दारांत उभे राहून ऐकत होतो.

"पुन्हा पाणी आलं तर काय करशील?"

"माझ्या पायांनी उतरेन."

"उतरून दाखव मग! ती तालीम आहे ना, तिच्यात उतर. उतरलीस तर घराचा विषय पुन्हा काढणार नाही. नाही उतरलीस, तर घर विकायचं आणि यायचं."

"शब्द?"

"शब्द."

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "हा पंच. गणितात ढ होता, पण उतरले की नाही एवढं त्याला मोजता येईल."

दुसऱ्या दिवसापासून बाईंचा सराव सुरू झाला. रबरी तळव्यांच्या चपला, एक हात कठड्यावर, पदर खोचलेला. रोज सकाळी तिसऱ्या मजल्यावरून खाली आणि मग बसत-उठत वर. इमारतीला करमणूक झाली. "बाई, अभ्यास कुठवर आला?" असं लोक वाकून विचारत. वकीलसाहेब दार किलकिलं ठेवून पेपर वाचू लागले, पडण्याचा आवाज चुकू नये म्हणून. दुसऱ्या मजल्यावरच्या एका सज्जनांनी तर जिन्यात पायपुसणं टाकलं होतं. बाईंनी ते चपलेने बाजूला केलं आणि त्यांच्याच दारातून आत भिरकावलं.

तालमीचा दिवस रविवारचा नव्हता, म्हणून लोक नाराज होते. खात्याची माणसं सकाळी आली. नारिंगी टी-शर्टमधली सहा-सात पोरं, एक स्ट्रेचर, पट्ट्यांची एक खुर्ची, एक फोटोग्राफर आणि त्यांचे साहेब. साहेब तरुण, तेलुगू, तोंडात हैदराबादी हिंदी, आणि काळजी एकच: फोटो वरच्या साहेबांकडे जायचे होते. सायरन वाजला. मी जीव खाऊन शिट्टी फुंकली.

कोणी आलं नाही. लोकांचा नाश्ता चालू होता. वकीलसाहेबांनी गॅलरीतून ओरडून विचारलं, "पाणी कुठवर आलंय? इडली संपवून येतो!"

आणि जिन्यातून बाई आल्या. खांद्याला पिशवी, पिशवीत टॉर्च, औषधं, प्लास्टिकमध्ये बांधलेले कागद. ना थांबल्या, ना धापा टाकल्या. अंगणात येऊन साहेबांसमोर शाळेतल्यासारख्या ताठ उभ्या राहिल्या. संपूर्ण इमारतीत खात्याची सूचना अक्षरशः पाळणारी ही एकटी बाई. साहेबांचा चेहरा पडला.

"अम्मा, आप कौनसे मजले के?"

"तिसरे."

"वो खुर्ची वाले? अरे अम्मा! आप उतर गए तो हम किसकू बचाएंगे?"

झालं असं होतं की तिसऱ्या मजल्यावरून एका वयस्कर व्यक्तीला खुर्चीत बांधून खाली आणायचं, हे त्यांच्या तालमीचं मुख्य दृश्य होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी परस्पर बाईंचं नाव देऊन टाकलं होतं. मी म्हणालो, "साहब, इनकू खुदच उतरना था, शर्त लगी है." साहेब म्हणाले, "उतर गए ना? मैंने देखा. अब प्लीज ऊपर जाओ अम्मा, टीम तैयार है."

दुसरं कोणी असतं तर साहेबांच्या सात पिढ्या काढून अंगणातच बसलं असतं. पण बाईंनी उभं आयुष्य पोरांना एकच शिकवलं होतं: गणवेशातला माणूस सांगतो ते करायचं, शंका नंतर. त्या वळल्या आणि तीन मजले चढून गेल्या. नारिंगी पोरं त्यांच्या मागे खुर्ची घेऊन, बाईंच्या वेगाने, एकेक पायरी. मला हसू आवरेना. वाचवणाऱ्यांना वाट दाखवत ती बाई स्वतःच्या संकटाकडे चालली होती.

वर साहेबांनी त्यांना खुर्चीत बसवलं, पट्टे आवळले आणि भूमिका समजावून दिली. "आप बेहोश हैं. आंखें बंद. कुछ भी हुआ तो बोलना नक्को."

"कब तक?"

"सीटी बजे तक."

बाईंनी डोळे मिटले, मान एका बाजूला टाकली. रंगभूमीवर इतकी वर्षं काढून सांगतो, इतकी चोख बेशुद्धी मी पाहिलेली नाही.

खुर्ची जिना उतरून अंगणात आली तेव्हा इडल्या संपवून सगळी इमारत तिथे जमली होती. फोटोग्राफर आडवा-तिडवा होत होता. आणि त्याच वेळी फाटकातून बाईंचा मुलगा आणि सून आत शिरले. ट्रॅफिकमध्ये अडकले होते. मुलाने पाहिलं: आई खुर्चीत बांधलेली, मान लोंबणारी, चार माणसं उचलून आणतायत.

"बेहोश हैं क्या?" त्याने विचारलं.

"हौ, पूरे बेहोश," साहेब म्हणाले. डोळा कॅमेऱ्यावर.

मी पंच. मी तोंड उघडायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. पण चाललेल्या प्रवेशात मधे बोलायचं नसतं, हे माझ्या हाडात भिनलंय. शिवाय पुढचं ऐकायचं होतं.

मुलगा आईच्या कपाळाला हात लावून म्हणाला, "श्वास चालू आहे. बरं झालं एका परीने. आजच निकाल लागला."

सून हलकेच म्हणाली, "मग त्या रविवारी घर बघायला येणाऱ्यांना काय सांगायचं?"

"या म्हणून सांग. आता काय, रिकामंच होईल."

"ते शिसवी कपाट मी नाही हं घेणार. हॉलमध्ये जागा नाही."

"भंगारात देऊ. आणि आईलाही हॉलमध्ये नको, क्लासची पोरं जा-ये करतात. मागच्या खोलीत, जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे आहेत तिथे एक पलंग मावेल."

"तिथे खिडकी नाहीये हो."

"दिवसभर झोपूनच असेल आता."

बाईंची पापणी हलली नाही. खुर्चीच्या पट्ट्याखालून डाव्या पायाचा अंगठा तेवढा आत वळला आणि तसाच राहिला.

साहेबांनी शिट्टी वाजवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी डोळे उघडले.

"पट्टे सोडा," त्या म्हणाल्या.

मुलाचा चेहरा काय झाला ते वर्णन करायला मला नाटकाचा संच हवा. "आई! तू शुद्धीवर होतीस?"

"बेशुद्ध होते. साहेबांना विचार."

"पण मग... तुला तर उचलून..."

आता माझं वाक्य आलं होतं, मी ते म्हणालो. "सगळ्यांत आधी उतरल्या. मी पाहिलं." साहेबही खूश होऊन म्हणाले, "अम्मा तो फर्स्ट थे! हमइच वापस ऊपर भेजे."

बाई उठल्या, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. "घराचा विषय संपला," त्या मुलाला म्हणाल्या. "रविवारी त्या लोकांना घेऊन ये. मी स्वतः दाखवते."

तो खरंच घेऊन आला! लेकरू भोळं. त्याला वाटलं, आई विरघळली. बाईंनी त्या जोडप्याला घर दाखवलं, मी मागून चहाचा ट्रे घेऊन हिंडत होतो. खात्याने वर्षभर शिकवलेलं सगळं त्यांनी त्या जोडप्यासमोर म्हणून दाखवलं: पाणी कुठवर येतं, वीज केव्हा जाते, लिफ्ट कशी जळते. शेवटी म्हणाल्या, "और एक बात. मकान के साथ मैं भी हूँ. मैं नहीं हिलती." जोडपं चहा न घेता जिना उतरलं. मुलगा त्यांच्या मागे. उंबऱ्यात तो म्हणाला, "लोकांसमोर माझी लाज काढलीस." बाई म्हणाल्या, "बेशुद्ध माणसासमोर बोलताना सांभाळावं."

त्यानंतर तो आला नाही. दसऱ्याला नाही, दिवाळीला नाही. सुनेने त्यांना घरच्या ग्रुपमधून काढून टाकलं. बाईंनी मला तो फोन दाखवून विचारलं, "हे असं दिसतंय म्हणजे काय?" मी अर्थ सांगितला. "अस्सं," म्हणाल्या आणि खात्याची त्या दिवशीची सूचना वाचायला लागल्या.

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी इमारतीतले सगळे फोन एकदम किंचाळले. खात्याचा इशारा. या वेळी कोणी गुलाब पाठवले नाहीत, कारण पाणी सेलर भरून पायऱ्यांना लागलं होतं. साहेबांचा निरोप आला, सगळ्यांनी बाहेर पडा, समाजमंदिरात सोय केली आहे. मी जाकीट चढवून तिसऱ्या मजल्यावर गेलो. बाई पिशवी मांडीवर घेऊन तयार बसल्या होत्या. चपला पायात.

"चला बाई."

"थांब. आधी एका जवळच्या नातेवाईकाला कळवायचं असतं. तसं लिहिलंय." त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "तुझ्या फोनवरून लाव. माझा तो उचलत नाही."

मी लावला. वाजून वाजून बंद झाला. मग मेसेज केला: पाणी आलंय, बाई घरी एकट्या आहेत, बाहेर काढतोय, याल का? लगेच वाचल्याची खूण आली. निकालाच्या दिवशी पोरं बघतात तशा बाई फोनकडे बघत होत्या. उत्तर आलं. शब्द एकही नाही. खात्याच्या मदत केंद्राचा फोन नंबर असलेलं चित्र, तेवढंच पुढे पाठवलेलं.

मी फोन खिशात घालणार होतो. बाईंनी तो माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला, चित्र नीट वाचलं आणि आपल्या फोनवर तो नंबर दाबला. स्पीकर चालू. पलीकडे एक मुलगी, आवाजात घाई.

"अम्मा, आप सेफ हैं?"

"हौ. निकल रही हूँ. आपको खबर करनी थी."

"हमकू नक्को अम्मा, पहले घरवालों कू बताओ."

"बेटा," बाई म्हणाल्या, "घरवालोंनेच आपका नंबर दिया."

पलीकडच्या मुलीने कागद ओढल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "ठीक है अम्मा. आप मेरेकूच बताओ. कौनसा मजला?"

बाईंनी तिला सगळं सांगितलं. मजला, वय, औषधं, कुठे जाणार ते. पलीकडून लिहून झाल्याचं कळेपर्यंत वाट पाहिली. मग फोन बंद केला आणि पिशवी माझ्या अंगावर टाकत म्हणाल्या, "बघतोस काय? उचल."