भिकनला सुई लावायची की नाही

सुलाबाईच्या निम्म्या कुरडया खाटेवर वाळत होत्या आणि निम्मा चीक अजून पातेल्यात होता. चीक गरम असतो तोवरच सोऱ्यातून उतरतो, गार झाला की दाबून दाबून हात सुजतात. म्हणून कुरडया घालणाऱ्या बाईला आमच्या चाळीत कोणी मध्येच हाक मारत नाही. त्या बुधवारी दवाखान्यातल्या गांगुर्डे सिस्टरनी मारली.

"भिकनची आई तुम्हीच ना? काल टेलरच्या घरी पोराला घेऊन गेला होतात?"

"गेले व्हते. ओटी भराया."

"पोराला टेकवलं का आजारी मुलीला?"

सुलाबाईने माझ्याकडे पाहिलं. मी बाजूला पाटावर बसून तिला सोऱ्या भरून देत होते. माझा हात पातेल्यातच राहिला. तिला तिथे नेणारी मीच होते.

पूजा झाली की रोज चार ओळी वहीत लिहायची माझी जुनी सवय, त्यामुळे वार पक्के आठवतात. साल १९८७, चैत्र. नाशिकरोडला देवळाली गावाच्या बाजूची आमची बैठी चाळ, दहा बिऱ्हाडं. त्या महिन्यात चाळीत आणि मागच्या गल्लीत गोवराची साथ शिरली होती. मागच्या गल्लीतलं आठ महिन्यांचं पोर रामनवमीच्या आदल्या दिवशी गेलं. तेव्हापासून संध्याकाळी अंगणात मुलं दिसेनाशी झाली होती.

गोवर उठला म्हणजे घरी देवी आली, असं आम्ही मानतो. दाराला कडुलिंबाचा टहाळा लावायचा, घरात फोडणी द्यायची नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लेकुरवाळ्या बायकांनी जाऊन त्या पोरालाच देवी समजून दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, ओटी भरायची, आपापली पोरं त्याच्या पायांवर घालायची. म्हणजे देवी त्यांच्यावरून हलक्या पावलाने जाते. रंगनाथ टेलरच्या मुलीच्या अंगावर पुरळ उठलं तेव्हा मीच घरोघर सांगितलं, मंगळवारी सगळ्यांनी चला. सुलाबाई उंबऱ्यातच थांबली होती. "या की आत, देवीला कसलं भ्यायचं?" असं म्हणून मी भिकनला तिच्या कडेवरून घेतलं आणि तापाने फणफणलेल्या त्या मुलीच्या पायांवर ठेवलं. मुलगी खोकत होती. तिने त्याच्या गालाला हात लावला. आम्ही सगळ्यांनी हात जोडले, देवीने पोराला कुरवाळलं म्हणून.

सिस्टर खाटेच्या कडेला टेकल्या. "हे बघा, गोवरावर आता लस निघाली आहे. नऊ महिने झाले की देतात. तुमचा दहा महिन्यांचा आहे. लागण झाल्यापासून तीन दिवसांच्या आत टोचलं तर गोवर टळायची बरीच आशा असते, आला तरी हलका येतो. काल दुपारी तुम्ही तिथे होता. परवा शुक्रवारी सकाळी दवाखान्यात लसीचा वार आहे. तो चुकला की मग उपयोग नाही."

"मग आत्ताच द्या ना इथे," मी म्हणाले.

"बाटली बर्फात ठेवावी लागते, काकू. आणि एकदा उघडली की चार तासांत संपवायची, म्हणून सगळी पोरं एका दिवशी बोलावतो."

"सुई हाय ना ती?" सुलाबाईने विचारलं.

"सुईच. दंडाला, एकदाच."

"मंग नाय जमायचं." असं म्हणून तिने सोऱ्या उचलला आणि दाबला. चीक गार झाला होता. काही उतरलं नाही.

सुलाबाई सायखेड्याची सून. नवरा देवराम इथे एका कारखान्यात फिटर, म्हणून तीन वर्षांपूर्वी हे बिऱ्हाड चाळीत आलं. वय पंचविशीच्या आत, अंगाने किरकोळ, पण नळावर भांडायला उभी राहिली तर दोन हंडे जास्त भरून आणणारी. हसायला लागली की पदर तोंडात धरायची. फक्त पोराच्या बाबतीत तिचं हसणं कुठे जायचं कळत नसे. भिकन झोपला की दर थोड्या वेळाने त्याच्या नाकापाशी बोटाची पाठ धरून श्वास बघायची. मी एकदा रागावले, "अहो, झोपू द्या त्याला." तर म्हणाली, "काकू, पहिल्याचा मी बघितला नव्हता."

पहिला मुलगा सायखेड्यालाच झाला होता. दीड वर्षाचा असताना त्याला गोवर आला. सासू, कुसाबाई, म्हणाली देवी आहे, नऊ दिवस कोणी हात लावू नका. पाचव्या दिवशी पोराला धाप लागली. तेव्हा देवरामने आईला न जुमानता त्याला सायकलवर घालून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने इंजेक्शन दिलं. संध्याकाळी पोर गेलं. सायखेड्यातल्या साऱ्या गल्लीने एकच म्हटलं, देवी अंगात असताना सुई टोचली, देवीला टोचली.

दुसरा झाला तेव्हा कुसाबाईने पाच घरी पदर पसरून मूठमूठ धान्य मागितलं आणि त्या मागून आणलेल्या पोराचं नाव भिकन ठेवलं. सव्वा महिना झाल्यावर सुलाबाईच्या हातावर पाणी सोडून नदीकाठच्या मरीआईसमोर बोलून घेतलं, या पोराला कधी सुई लावणार नाही. म्हणून भिकनला कसलीच लस दिलेली नव्हती. दंड नुसता गुळगुळीत.

हे सगळं सुलाबाईने सिस्टरना सांगितलं. गांगुर्डे सिस्टर आंबेडकरनगरातल्या, बौद्ध. देवीवर त्या काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुमच्या पहिल्याला दिलं ते दुखणं छातीत उतरल्यावरचं इंजेक्शन. फार उशीर झाला होता. ही लस दुखण्याच्या आधीची." मग त्यांचं लक्ष सुलाबाईच्या दंडावर गेलं. "या दोन खुणा कसल्या?"

"देवीच्या टोचल्याल्या. ल्हानपनी."

"तेव्हा नाही म्हणाला नाहीत?"

"मला इचारून टोचलं व्हतं का? बापानं तंगडी धरली, डाक्टरनं दंड!"

सिस्टर हसल्या. "मग भिकनलाही विचारू नका." आणि पुढच्या घरी गेल्या.

त्या जाताच समोरच्या आक्काबाई बाहेर आल्या. आक्काबाईंनी चार मुलं वाढवलेली, त्यामुळे चाळीतल्या प्रत्येक पोरावर त्यांचा हक्क. "काय सांगत व्हती गं ती? तिला काय जातंय सांगायला? तिचा पगार चालू राहतो. पोराला काय झालं तर ती येनार हाय का तुझ्या दारात रडाया?"

"मागच्या गल्लीतल्या पोराला कुठं सुई लावली व्हती, आक्का?" सुलाबाई म्हणाली. "ते बी गेलंच की."

"त्यांच्या घरात फोडणी दिली व्हती. मी सोता वास घेतला."

सुलाबाई पातेलं उचलून आत गेली. ती आक्काबाईंचं ऐकेल, अशी मला भीती वाटली. गुरुवारी सकाळी देवराम ड्यूटीला निघताना मी त्याला गाठलं. त्याने खाली बघूनच उत्तर दिलं. "काकू, मागच्या वेळी मी माझ्या मनानं केलं. आई आजून माझ्याशी धड बोलत नाय. यंदा भिकनची आई म्हनंल तसं." आणि सायकलवर बसून गेला. म्हणजे सगळं तिच्या एकटीच्या अंगावर येऊन पडलं.

दिवसभर ती भिकनला कडेवरून खाली ठेवीना. दर तासाला त्याच्या मानेला हात लावून माझ्याकडे यायची, "गरम लागतोय का हो?" मी हात लावायचे. थंड असायचा. पण मला स्वतःच्याच हाताची खात्री वाटेना. वहीत त्या दिवशी माझं एकच वाक्य आहे: आई, मी तुझ्या पायांवर घातला तो तुझाच समजून.

शुक्रवारी सकाळी सात वाजता ती न्हाऊन, ओल्या केसांनी माझ्या दारात आली. भिकन कडेवर. "काकू, कौल लावा. तुमच्या देवीला इचारा. ती म्हनंल ते करीन."

माझ्या देव्हाऱ्यात सप्तशृंगीची पितळी मूर्ती आहे. कौल लावायचा म्हणजे मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओली फूलपाकळी चिकटवायची आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी लग्नांसाठी, प्रवासासाठी कौल लावला होता, कोणाच्या जिवासाठी कधी नाही. नाही म्हणावंसं वाटलं, पण कोणत्या तोंडाने म्हणणार? समई लावली. मोगऱ्याच्या दोन पाकळ्या बुडवून लावल्या. सांगितलं, पोराला सुई लावावी का?

घड्याळात साडेसात झाले. आठ झाले. दवाखाना नऊला उघडायचा. बाहेर नळावर भांडी वाजत होती. भिकन घंटेकडे हात करून ओरडत होता. सुलाबाई मूर्तीवरून नजर हलवत नव्हती. तिच्या ओठांवर घाम आला होता.

सव्वाआठच्या सुमारास डावी पाकळी सुटली आणि ताम्हनात पडली.

मनात आलं, समईची ऊब त्या बाजूला जास्त होती, पुन्हा लावते. पण एका गोष्टीचा कौल दोनदा लावत नाहीत. तसं केलं तर देवीला खोटं पाडल्यासारखं होतं. हे मीच सगळ्यांना सांगत आलेली.

सुलाबाईने भिकनला एका हाताने छातीशी धरलं, दुसरा हात जमिनीला टेकला. मूर्तीशी बोलली, माझ्याशी नाही. "आई, तू नगं म्हनलीस. मी ऐकलं. डोळ्यांनी बघितलं. पन मी चाललेय. मागचा गेला तवा त्याच्या बापाला दोष लावला, देवाला लावला, डाक्टरला लावला. आता लावायचा तर मला लाव. याच्या अंगाला हात नगं लावू, माझ्या अंगावर काय घालायचं ते घाल." डोकं टेकवून ती उठली.

"सुलाबाई, थांबा जरा."

"तुम्ही नगा येऊ, काकू. तुमच्या देवीनं नाय म्हनलंय."

ती चपला घालत होती. मी समई तशीच ठेवून दार ओढलं आणि तिच्या मागे निघाले. आज शुक्रवार, देवीचा वार, हे वाटभर माझ्या डोक्यात.

दवाखान्यात बाकांवर पंधरा-वीस बायका होत्या. सिस्टरनी बाटली उघडली तेव्हा सुलाबाई सर्वांच्या पुढे जाऊन उभी राहिली. मग स्टुलावर बसून भिकनला मांडीवर घट्ट धरला. सुई गेली, तो रडला, तिने डोळे मिटले. सिस्टर कार्ड लिहिता लिहिता म्हणाल्या, "आठवड्याभराने ताप येईल कदाचित, एखादं पुरळही उठेल. लसीमुळे येतं ते. घाबरायचं नाही."

घाबरायचं नाही म्हणणं सोपं होतं.

पुढच्या आठवड्यात शनिवारी भिकनला ताप आला. संध्याकाळपर्यंत अंग भाजून निघालं, कानामागे चार लाल ठिपके दिसले. आक्काबाईंनी कोणाला न विचारता सुलाबाईच्या दाराला टहाळा बांधला. "घ्या, आली. मी सांगत व्हते." सुलाबाई भांडली नाही. पोराला मांडीवर घेऊन भिंतीला पाठ लावून बसली. मला म्हणाली, "काकू, हा सुईचा हाय, का टेलरच्या पोरीचा, का देवीचा? तिन्हींचा ताप सारखाच भाजतो. मला कसं कळायचं?"

दुसऱ्या दिवशी रविवारची सुट्टी असूनही मी सिस्टरना घरून बोलावून आणलं. त्यांनी भिकनच्या गालाच्या आत बॅटरीचा उजेड पाडून पाहिलं, डोळे पाहिले, छातीला कान लावला. "डोळे लाल नाहीत, खोकला नाही, तोंडात पांढरे ठिपके नाहीत. मला तरी हा लसीचा ताप वाटतो. पण उद्यापर्यंत बघू. दूध बंद करू नका, अंग ओल्या फडक्याने पुसत राहा." त्याही अगदी खात्रीने बोलल्या नाहीत, हे आम्हा दोघींना ऐकू आलं. देवराम दारात उभा होता. तो आत आला, बायकोच्या हातातलं फडकं घेतलं आणि पोराचे पाय पुसायला बसला. "मी बी हाय," एवढंच म्हणाला.

सोमवारी सकाळी ताप उतरला होता. दुपारी भिकनने वाटीभर पेज खाल्ली आणि आईचं मंगळसूत्र ओढलं. ठिपके मंगळवारपर्यंत मावळले. सुलाबाईला मात्र हसू आलं नाही. मी म्हणाले, "सुटलात हो!" तर मान हलवून म्हणाली, "याच्यावरचं टळलं आसंल. माझ्यावरचं आजून यायचंय. आन तिकडं सायखेड्याला आत्याबाईला कुठं ठाव हाय? दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर ती पोराला उंबऱ्यात घेनार नाय. मला तर नायच नाय."

"पत्र टाका. मी लिहून देते."

"नगं. पानी माझ्या हातावर सोडलं व्हतं तिनं."

दुसऱ्या दिवशी बुधवार. सुलाबाई सकाळच्या एस.टी.ने भिकनला घेऊन सायखेड्याला निघाली, नवस मोडल्याचं सासूला सांगायला.