पावसातला राब

मी घर सोडलं तेव्हा डोंगरउतारावर राब भाजत होते. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जमीन भाजायची, हे आमच्याकडे दर उन्हाळ्यात असतंच. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी एसटीची वाट बघत उभे होतो, आणि माझा थोरला भाऊ, दादा, माझी बॅग खांद्यावरून खाली ठेवायलाच तयार नव्हता. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुराचं म्हणून खपून गेलं. आई म्हणाली, "जा गो बाय, तिकडं जेवत जा नीट." बाबा आलेच नाहीत. राब पेटला की ते जागचे हलत नसत. त्यांचं एकच म्हणणं, "पेटवायच्या आधी विझवनारा उभा करा."

जर्मनीत बॅग उघडली तर सगळ्या कपड्यांना तोच वास. रूममेटने नाक मुरडलं. मी मात्र एक कुर्ता मुद्दाम बरेच दिवस धुतला नाही.

इथल्या लॅबमध्ये मी मेंदूच्या गाठींवर काम करते. पेशीच्या अंगावर निरोप घेणारे रेणू असतात. 'वाढ' असा निरोप आला की पेशी वाढते, आणि काम झालं की दुसरे रेणू तो निरोप थांबवतात. गाठीत तो थांबतच नाही. कोणी सांगितलेलं नसतानाही पेशी वाढत राहते. औषधाने एक वाट अडवली तर दुसरी शोधते, शेजारच्या धडधाकट पेशींचं आपसातलं बोलणंसुद्धा स्वतःच्या वाढीला वापरते. हे पहिल्यांदा शिकले तेव्हा बाबा आठवले. विझवणारा पळून गेलेला राब, असं मनात म्हटलं आणि स्वतःवरच खूश झाले.

गेल्या उन्हाळ्यात दादा फोनवर सारखा म्हणायचा, "लय धूर झालाय गो, नाकातनं वास जात नाय." मला ते ऐकायला फार आवडायचं. वाटायचं, घर फोनमधून इथवर येतंय. तिथे तर सगळं गावच धुरात होतं, मग कोणाला काय खटकणार?

मग पाऊस लागला, लावणीही उरकली. बाहेर धो धो कोसळत असताना दादा म्हणाला, "कोन राब भाजतोय गो आत्ता? येडे झालेत काय लोक?" मागून वहिनी हसल्या, "ह्यांना पावसात पन राब दिसतोय."

मला हसू आलं नाही. काही जळत नसताना जळका वास येणं म्हणजे काय असू शकतं, ते मी पुष्कळ वाचलं होतं. "दादा, उद्याच्या उद्या मुंबईला जा, डोक्याचा स्कॅन कर," एवढंच बोलता आलं.

गाठ निघाली. लॅबमध्ये मी जिच्या पेशी वाढवते, त्याच जातीची. ऑपरेशन झालं, काढता आली तेवढी काढली, औषधं सुरू झाली. मी जाऊन आले आणि परत कामाला लागले. आता काचेच्या बशीतल्या पेशी बघताना मला त्यांचा राग येतो, अगदी माणसाचा यावा तसा. मी त्यांना मराठीतून शिव्या देते. लॅबमधल्यांना वाटतं, मी प्रार्थना करते.

माझ्यासारखे बाहेर असलेले सगळे घरी फोन लावला की विचारतात, जेवलात का, पाऊस आहे का. मी विचारते, वास येतो का. हल्ली दादा विचारायच्या आधीच सांगतो, "नाय गो, कसला वास नाय. तू उगा जिवाला घोर लावून घेऊ नको." दादाला खोटं बोलता येत नाही, लहानपणीही येत नसे.

परवा व्हिडिओवर बोललो. भात कापणीला आलंय, स्वच्छ ऊन पडलं होतं. आमच्या ओटीवरची खिडकी मी जन्मात कधी लावलेली बघितली नव्हती. दादा हसून बोलत होता, आणि त्याच्या पाठीमागे ती खिडकी लावलेली होती. फटींत फडकी कोंबलेली होती.

घर म्हटलं की आता मला तीच खिडकी दिसते. बाहेर कुठेही धूर नाही, आणि तो आत येऊ नये म्हणून दादा दारंखिडक्या लावून बसलाय.