तिळाचं काडतूस

दिवसपाळी संपवून थंडगार इमारतीचं दार ढकललं की चष्म्याच्या काचा क्षणात वाफेने भरून जातात आणि समुद्रावरून आलेली ती ओलसर, खारट उष्णता मला काही पावलं आंधळं चालायला लावते. सप्टेंबरात कतारच्या या उत्तर किनाऱ्यावर ऊन थोडं पिवळं पडतं, पण दमटपणा काही हटत नाही. काच पुसत फाटकापर्यंत यायचं, सकाळी खणात ठेवलेला फोन परत घ्यायचा आणि माझी खोली आहे त्या अल खोरला नेणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये बसायचं, हा माझा रोजचा क्रम. इथे ऊन डोळ्यांत घुसत असतं त्याच घडीला तिकडे सिंधुदुर्गातल्या आमच्या घरी तिन्हीसांज झालेली असते, आई तुळशीपाशी दिवा ठेवत असते, आणि पिकू लागलेल्या भाताचा तो दुधाळ वास खळ्यापर्यंत आलेला असतो. माझी दुपार आणि तिची सांज अशा रोज एकमेकींना भेटतात.

माझं पोट भीतीवर चालतं. नैसर्गिक वायूच्या प्रकल्पात ठिणगी पडू न देणं एवढंच माझं काम. काडेपेटी, फोन, चुकीचे बूट, कृत्रिम धाग्याचा सदरा, सगळं फाटकाबाहेर ठेवून माणसं आत सोडायची आणि आत आल्यावरही त्यांच्याकडे संशयाने पाहायचं. ही सवय सुटीच्या दिवशीही जात नाही. कुणाच्या घरी जेवायला गेलो तरी माझं लक्ष आधी शेगडीच्या नळीकडे जातं, आणि मित्र त्यावरून माझी यथेच्छ टिंगल करतात.

अशा माणसाच्या वडिलांनी निवृत्तीनंतर घरी काडतुसं भरायला घ्यावीत, याला काय म्हणावं? बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. हाताला काम नसलं की ते घरातली चांगली चालणारी वस्तूही उघडून बसतात. शेताच्या राखणीसाठी त्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे, आणि भात पिकायला लागलं की रानडुकरं एका फेरीत अख्खा वाफा लोळवून टाकतात. तालुक्याच्या दुकानात काडतुसं वेळेवर मिळत नाहीत, म्हणून रीतसर परवानगी काढून त्यांनी एका जुन्या शिकारी मित्राचं भरणीयंत्र घरी आणलं. काडतुसांच्या मोकळ्या नळ्या जमवल्या आणि ओटीवरचं टेबल अडवलं. मला हे सगळं नंतर कळलं, तेही आईच्या तोंडून, चुलीवरची भाजी सांगावी तितक्या सहज. बाबांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली, चहाची बशी धरताना त्यांचा उजवा हात थरथरतो हे मी गेल्या सुटीत पाहिलेलं. आईने हे सांगितलं त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला.

एके दिवशी बस सुटायच्या बेतात असताना बाबांचा व्हिडिओ कॉल आला. पहिलं काडतूस भरताना मला दाखवायचं होतं त्यांना. टेबलावर हिरवट रंगाचं ते यंत्र, शेजारी रांगेत उभ्या लाल नळ्या, आणि एका उघड्या वाटीत काळी, बारीक, चमकणारी भुकटी. बाबांनी मापटं भरलं, त्यांचा हात हलला, थोडं टेबलावर सांडलं. मी काही बोलणार एवढ्यात पडद्याच्या कडेने आई आली. तिच्या हातात तबक होतं, तबकात हळदकुंकू, दोन फुलं आणि पेटलेलं निरांजन. घरात नवी वस्तू आली की तिची पूजा करायची, तिला ओवाळायचं, मग ती शिलाईची मशीन असो की मोटारसायकल. आमच्या घरात आजवर हे चुकलेलं नाही. तिने यंत्राला कुंकू लावलं आणि निरांजन उचलून ती वाटीच्या अगदी जवळ वाकली.

मी ओरडलो. बसमधल्या सगळ्या माना वळल्या. पडद्यावर चित्र तिथेच थिजलं, आईचा वाकलेला खांदा, ज्योत आणि काळी वाटी, आणि मग तेही गेलं. बस मोठ्या रस्त्याला लागली होती, दोन्ही बाजूंना सपाट, फिकट वाळू, आणि फोन लागत नव्हता. पुन्हा पुन्हा लावला. एक ठिणगी काय करते हे मला शिकवलेलं होतं, त्यामुळे इतरांना जे नुसतं वाटलं असतं ते मला तपशिलासकट दिसत होतं. ते ज्ञान त्या वेळी मला नको होतं.

अखेर फोन लागला तेव्हा बाबा हसत होते. "अरे, बंदुकीची दारू खंय इली हा अजून? काळे तीळ ते. हात बसूक होयो म्हणान दारूच्या जागी तीळ नि छऱ्यांच्या जागी मूग भरून बगतंय."

क्षणभर हायसं वाटलं, आणि लगेच राग आला. तीळ संपतील, पुढच्या आठवड्यात खरी दारू येईल, तेव्हाही हा हात असाच हलणार आणि तेव्हाही घरात दिवा लागणार. मी बाबांना नियम सांगत सुटलो, मग नियमही पुरेनात म्हणून हे सगळं बंद करा म्हणालो. पलीकडून बाबा टेबलावर नळ्या रांगेत लावत असल्याची टकटक येत राहिली.

बोलली ती आई. आवाज न चढवता. "तू थंय आगीच्या मुळात जाऊन बसतंस रोज. आमी कदी म्हटला, जाव नको म्हणान? तुझो 'पोचलो' येयसर माझ्या तोंडात घास जाणा नाय, इतक्याच."

खोलीवर आलो की 'पोचलो' एवढाच शब्द मी तिला पाठवतो. कधी जिना चढताना, कधी भाजी घेऊन आल्यावर, कधी आंघोळीनंतर. माझ्या लेखी तो दिवसातला सर्वांत बिनमहत्त्वाचा शब्द होता. त्या शब्दाची वाट पाहत तिकडे एक ताट झाकून ठेवलेलं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी 'बंद करा' हे शब्द परत घेतले. नियम मात्र घेतले नाहीत, आणि बाबांनीही ते निमूट ऐकले. भरायचं ते उजेडात, दुपारी, घरात एकही दिवा किंवा चूल पेटलेली नसताना, आणि काम आटोपलं की मला कळवायचं.

दुपारी म्हणजे माझ्या भर पाळीत, फोन फाटकावरच्या खणात असताना. हे माझ्या ध्यानात आलं ते खरी दारू आली त्या दिवशी. त्या दिवशी माझी पाळी काही केल्या सरेना. कुणाच्या बुटांकडे पाहिलं, कुणाच्या सदऱ्याकडे, आणि मनात सतत ओटीवरचं ते टेबल. पाळी सुटल्यावर वाफाळलेल्या काचांनीच फाटकापर्यंत आलो, फोन घेतला आणि तो हातात धरून तसाच उभा राहिलो. चालू करायचा धीर होईना. मागची माणसं वळसा घालून बसकडे जात होती. आई हे रोज कसं करते, असं मनात आलं, आणि मी बटण दाबलं.

बाबांचा निरोप येऊन पडला होता. "झाला. आता तू पोच."

बस सुरू झाली. अल खोर अजून लांब होतं.